दादाचा गुडघा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. गणपत रामू साळुंखे, सातवी पास, फिटर. माझे वडील. आम्ही दोघं भाऊ त्यांना आप्पा म्हणायचो. साळुंख्यांच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि ती ज्या दोन हातांमुळे मिळाली ते हात मी आजही डोळे मिटून ओळखीन. उजव्या अंगठ्याचं नख चेपलेलं, तळव्यांना लोखंडाचा आणि लसणाचा मिळून एक वास. हे प्रकरण मात्र पदवीचं नाही. माझा थोरला भाऊ तानाजी अडीच हंगाम टेक्सासमधल्या एका लहानशा शाळेच्या फुटबॉल संघात रनिंग बॅक होता, आणि मग नव्हता, त्याचं आहे. बाकीची प्रकरणं मी सरळ लिहीत गेलो. हे तीनदा फाडलं.

आम्ही तिथं कसे पोचलो ते थोडक्यात सांगतो. आईचे थोरले भाऊ, आमचे मामा, इंजिनियर होऊन आधीच अमेरिकेत आले होते आणि डॅलसला लागून असलेल्या अर्विंगमध्ये राहत होते. त्यांनी बहिणीची कागदपत्रं केली आणि आप्पा सांगलीच्या कारखान्यातली नोकरी सोडून आम्हाला घेऊन निघाले. तेव्हा दादा अकरा वर्षांचा होता, मी सात. अर्विंगमध्ये आप्पांना काम मिळालं नाही. मिळालं ते तिथून पश्चिमेला अडीच तासांवर, तेलविहिरींचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. गाव म्हणजे एक मोठा रस्ता, एक सिग्नल, चार चर्च आणि चहूबाजूंना सपाट जमीन. आमच्या भाड्याच्या घरामागे कुंपणापलीकडे एक पंप होता. तो अखंड मान खाली-वर करायचा आणि दर वेळी एक कण्हल्यासारखा आवाज यायचा. आईला पहिले दोन महिने त्या आवाजानं झोप लागली नाही. पुढे एकदा तो आठवडाभर बंद होता, तेव्हाही लागली नाही.

आईला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. पहिल्याच उन्हाळ्यानंतर तिनं गावाबाहेरच्या शेतात ज्वारीची कणसं पाहिली आणि आप्पांना आमचा छोटा पिकअप ट्रक थांबवायला लावला. तिथं ज्वारी पिकते ती गुरांसाठी. दाणा लालसर, चवीला जरा तुरट. आप्पा मला घेऊन पशुखाद्याच्या दुकानात गेले. म्हाताऱ्या दुकानदारानं पोतं उचलून देताना विचारलं, "गुरं किती आहेत तुमच्याकडे?" मी इंग्रजीत म्हणालो, "चार."

"काय म्हनतूया त्यो?" आप्पांनी विचारलं.

"ज्वारी चांगली आहे म्हणतोय."

आप्पा खूश झाले. त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन हलवला. मामींनी दिलेल्या हाताच्या चक्कीवर आई ती ज्वारी दळायची, आणि तव्यावर विटेच्या रंगाची भाकरी फुगायची. ती भाकरी, लसणाचं तिखट आणि बाजारात मिळतील त्या शेंगांची उसळ, हे आमचं रोजचं जेवण. ती चक्की आज माझ्याकडे, मी आता राहतो त्या कॅरी गावी आहे. नातवंडं तिला खेळणं समजतात.

घरातलं सगळं इंग्रजी माझ्या तोंडून यायचं. दादाला ते येत नव्हतं असं नाही. पण त्याला कागदांचा कंटाळा होता, आणि चारचौघांत बोलताना तो अडखळायचा. मी शाळेत इथंच पहिलीपासून बसलो, मला ते लवकर आलं. विजेचं बिल, शाळेची पत्रं, वर्कशॉपच्या फोरमनची चिठ्ठी, सगळं आप्पा माझ्यासमोर ठेवायचे आणि मांडी घालून ऐकायचे. "दत्ता सांगंल त्ये खरं," असं ते मामांनाही सांगायचे. आणि मी सगळं खरं सांगत नव्हतो. फोरमननं लिहिलं होतं की पुन्हा उशीर झाला तर कामावर येऊ नकोस. मी सांगितलं, साहेब म्हणतात जरा वेळेवर या. दादाच्या गणिताच्या शिक्षिकेनं लिहिलं की मुलगा नापास होणार. मी सांगितलं, अजून अभ्यास हवा म्हणतात. कुणी मला हे शिकवलं नव्हतं. आप्पांचा चेहरा पडलेला मला बघवत नसे, एवढंच. शब्दाची धार काढून तो त्यांच्या हातात द्यायची मला सवयच लागली.

आता फुटबॉल. तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या. रनिंग बॅक म्हणजे ज्याच्या पोटाशी चेंडू खुपसून "पळ" म्हणतात तो गडी. समोरचे अकरा जण त्याला पाडायला टपलेले. दादा पंधरा वर्षांचा असताना कोचनं त्याला शाळेच्या व्हरांड्यातून धावताना पाहिलं आणि संघात ओढलं. तानाजी हे नाव कोचच्या जिभेला झेपलं नाही, म्हणून तो टोनी झाला.

आप्पा पहिला सामना बघायला आले ते रागातच. शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव मैदानावर, बँड वाजतोय, मोठे दिवे लागलेत, आणि आप्पा हाताची घडी घालून. "अकरा जनांनी एकाला धरायचं, ही कसली मर्दुमकी?" पण दुसऱ्या डावापर्यंत ते पुढे वाकले होते. एका धिप्पाड पोरानं खाली वाकून दादाचे दोन्ही पाय कवळले आणि त्याला आपटलं, तेव्हा आप्पा उभेच राहिले. "आरं, ह्यो तर पट काढतूया."

हे सांगायला हवं की आप्पा लग्नाआधी पैलवान होते. फार मोठे नव्हेत. सांगलीच्या तालमीत चार वर्षं आणि आसपासच्या जत्रांतल्या कुस्त्या, एवढंच. पण पट कसा काढतात आणि पट काढणाऱ्याला कसं गाडतात हे त्यांच्या हाडात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागच्या वाळक्या गवतावर तालीम सुरू झाली. मी दादाच्या पायांवर झेप घ्यायची आणि त्यानं मला चुकवायचं.

"कंबर खाली. आनखी खाली. पाय त्येच्या हातात दिऊ नगंस. मानंवर हात ठेव आन् त्येच्याच जोरानं त्येला दाब. दत्ता, तू काय मांजर धरतूयास का? जोरात ये."

"आप्पा, तो मला चिरडेल."

"चिरडू दे. हाडं हायत न्हवं?"

दोन महिन्यांत दादा पडेनासा झाला. पाडायला आलेला गडी तोंडावर जायचा आणि दादा त्याच्या पाठीवरून पुढे. कोचनं विचारलं, हे तुला कोण शिकवतं? दादानं सांगितलं, माझे वडील. कोच एका रविवारी चर्चनंतर आमच्याकडे जेवायला आले. अंगानं अवाढव्य, बोलायला मऊ माणूस. आईनं भाकरी आणि पिठलं वाढलं. तोवर पोत्याची गोष्ट गावभर झाली होती. कोच दोन भाकऱ्या खाऊन मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, गुरांचं खाद्य इतकं चांगलं मी कधी खाल्लं नाही." मी आईला सांगितलं, त्यांना जेवण फार आवडलं.

शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये मालिश. तिळाचं तेल त्या गावात मिळायचं नाही, म्हणून मक्याच्या तेलात लसूण आणि ओवा कडवून आप्पा ते कोमट करायचे. दादा चटईवर पालथा, आणि आप्पा गुडघ्यावर बसून त्याच्या पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत अंगठे ओढत न्यायचे. आठवड्याचे मुकामार एकेक करून बाहेर काढल्यासारखे. मग थंडाई. बदाम महाग, पण कोचच्या अंगणात अक्रोडासारख्या पेकनची झाडं होती. त्यांनी पिशवीभर बिया दिल्या. आई पेकन, खसखस आणि मिरी वाटून दुधात घालायची. दादाच्या अंगाचा लसणाचा वास काही जात नसे. संघातली पोरं त्याला "गार्लिक ब्रेड" म्हणायची. समोरच्या गावांत अफवा होती की टोनी अंगाला तेल चोपडून येतो, म्हणून हातातून निसटतो. एकदा पंचांनी खरंच त्याच्या दंडावर बोट फिरवून वास घेतला. आप्पांना हे मी जसंच्या तसं सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या आठवणीतलं ते आप्पांचं शेवटचं मोठं हसू. त्यानंतरही हसले असतील, पण मला आठवत नाही.

दादाचा शाळेतला शेवटचा हंगाम सुरू झाला तेव्हा तेलाचे भाव पडले होते. वर्कशॉपमधली माणसं एकेक करून कमी होत होती. दादाचे गुण इतके वाईट की कॉलेजचं दार त्याला एकाच वाटेनं उघडणार होतं, आणि ती वाट त्या मैदानावरून जात होती. कोचनी ओळखी काढून एका कॉलेजच्या माणसाला बोलावलं. तो शुक्रवारी येणार, दादाला खेळताना बघणार आणि आवडला तर शिष्यवृत्तीची शिफारस करणार. हंगामात तो पुन्हा येणार नव्हता. आप्पा जेवताना दादाच्या ताटात आधी वाढायला लागले.

त्या आठवड्यात मंगळवारच्या सरावात दादाचा डावा गुडघा मुरगळला. बुधवारी सकाळी तो कलिंगडासारखा झाला होता. आप्पांनी अर्धी रजा काढली आणि आम्ही तिघं शेजारच्या मोठ्या गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे डॉक्टर होते, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी दादाची पोटरी धरून पुढे ओढली, मागे ढकलली. मग टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा घेऊन मला दाखवत सावकाश बोलले. दोन हाडांना धरणारा आतला बंध फाटला आहे. पूर्ण नाही, थोडा धरून आहे. आता खेळायचं नाही, डॅलसच्या सर्जनकडे न्यायचं. एवढं बोलून ते चिठ्ठी लिहायला बाहेर गेले.

आप्पा हातात टोपी घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले होते. माझ्याकडे बघत होते.

दादा छताकडे बघत इंग्रजीत बोलला. आप्पांच्या समोर, आवाजही न बदलता. "त्यांना सांग सूज आहे. सांग की उतरली की खेळता येईल. प्लीज, मॅन. शुक्रवारी तो माणूस येतोय."

"पण डॉक्टर म्हणाले..."

"मला ऐकू आलंय काय म्हणाले ते. हे गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे, सांग. तुझ्याकडे आहे. माझ्याकडे काय आहे?"

"काय म्हनतूया?" आप्पांनी विचारलं. "लई दुखतंय म्हनतूया का?"

मी तेरा वर्षांचा होतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला खरं-खोटं कळतं. मी म्हणालो, "नस दुखावली आहे, आप्पा. सूज उतरली की खेळता येईल म्हणतात."

आप्पांनी श्वास सोडला. "मंग त्ये माझ्याकडं लागलं," ते म्हणाले. चिठ्ठी मी खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या संडासात फाडून टाकली.

डॉक्टरांकडून आलो त्याच दुपारी गॅरेजमध्ये आप्पांनी तेल कडवलं. तालमीत निखळलेले सांधे बसवताना त्यांनी पाहिलं होतं, थोडं केलंही होतं. रक्तचंदनाचा लेप नव्हता, म्हणून त्यांनी हळद आणि मीठ लावून गुडघा बांधला. बुधवारी तेवढंच. गुरुवारी सूज बरीच उतरली होती. आप्पांनी पुन्हा मालिश केली, गुडघ्याची वाटी अंगठ्यांनी चाचपली, दादाला टॉवेल दातांत धरायला सांगितला आणि पाय एका झटक्यात ओढून वळवला. कट्ट असा आवाज झाला. मी दारात उभा होतो. दादाच्या कपाळावर घाम फुटला, पण तो उठला, चार पावलं चालला आणि म्हणाला, "हलकं वाटतंय." आप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली. बघ, असं. शाळेला एक फॉर्म लागत होता, दुखापतीनंतर खेळायला वडिलांची परवानगी. मी तो भरला. आप्पांनी खाली मराठीत सही केली, सावकाश, वळणदार.

मला तेव्हाही बोलता आलं असतं. गुरुवारी जेवताना, शुक्रवारी सकाळी, मैदानावर पोचेपर्यंत ट्रकमध्ये. या सगळ्या जागा मी आयुष्यभर मोजत आलो आहे.

शुक्रवारी तो माणूस आला होता. राखाडी जाकीट, मांडीवर वही. दादानं पहिल्या डावात तीन वेळा चेंडू घेऊन मुसंडी मारली. तिसऱ्या वेळी दोघांना पाठीवरून उलटवलं, तेव्हा त्या माणसानं वहीत काहीतरी लिहिलं. आई माझा दंड धरून बसली होती. चौथ्या वेळी दादाला मोकळी जागा मिळाली. समोर एकच गडी, तोही लांब. दादानं डावा पाय रोवला, उजवीकडे वळला, आणि खाली बसला. पडला नाही, बसला. कुणी त्याच्या अंगालाही लागलं नव्हतं. बँड वाजतच होता, त्यांना कळलं नाही. मग दादा ओरडला.

आप्पा कठड्यापाशी गेले होते. परत आले तेव्हा म्हणाले, "कुनी पट काढला न्हाई. कुनी हातबी लावला न्हाई." ते स्वतःशीच बोलत होते. त्यांचा हिशेब तिथंच सुरू झाला होता आणि मला तो कळत होता.

डॅलसच्या हॉस्पिटलमध्ये मामा आले. सर्जन मामांशी बोलले, त्यामुळे त्या दिवशी माझी गरज पडली नाही. आतले दोन बंध तुटले होते, हाडांमधली कुर्चेची गादी फाटली होती. ऑपरेशन करून पाय वाचेल, खेळ नाही. सर्जननी विचारलं, आधी काही दुखापत होती का, काही उपचार केले का? मामांनी आप्पांना विचारलं, आणि आप्पांनी सगळं सांगितलं. तेल, हळद, झटका, आवाज. काही लपवलं नाही.

मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊजी, हे काय तालमीचं पोर होतं का? एवढा चांगला मुलगा. तुम्ही स्वतःच्या हातानं..." आणि वाक्य पुरं केलं नाही.

आप्पांनी दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि तसेच बसून राहिले. मी मशीनमधून काढलेला कोकचा कॅन धरून भिंतीला टेकून उभा होतो. आत दादा औषधाच्या गुंगीत होता. बोलायचं असतं तर बोलणारा मीच होतो. मी कॅन उघडला आणि प्यायलो.

दादाचा पाय आखडला तो आखडलाच. जिना उतरताना तो आजही कडेनं उतरतो. वर्षभरात वर्कशॉप बंद झालं आणि आम्ही अर्विंगला मामांच्या घराजवळ आलो. आप्पा एका गोदामात रात्रपाळीला लागले, दादा त्याच गोदामात दिवसपाळीला. एकाच घरात राहून दोघांची भेट दारात व्हायची, एक येताना, एक जाताना. आप्पांनी त्यानंतर कुणाला मालिश केली नाही. आईची पाठ धरली तर ती म्हणायची, जरा चोळता का. ते म्हणायचे, "नगं. माझ्या हाताचं काय खरं न्हाई." मी अभ्यास केला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि मला ते येत होतं. दूर उत्तरेला ॲन आर्बरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा आप्पांनी रात्रपाळीच्या वर रविवारही घेतला. बसच्या स्टँडवर माझी ट्रंक त्यांनी उचलली, मला हात लावू दिला नाही.

कॅरीमधल्या आमच्या मराठी मंडळात एक निवृत्त हाडांचे डॉक्टर आहेत, देशपांडेकाका. गेल्या वर्षी एका जेवणात, हातात ताट धरून, मी त्यांना हे नाव न सांगता विचारलं. असा फाटका बंध, वर मालिश आणि झटका, मग खेळ. नेमकं कशानं तुटलं असेल? काका म्हणाले, "मालिशनं नसेल. झटक्यानं असेलही, नसेलही. पण डॉक्टरनं नको सांगितलेलं असताना खेळलाच कसा तो? घरचे काय करत होते?" मी म्हणालो, घरच्यांना माहीत नव्हतं. "मग दोष कुणाला द्यायचा," असं म्हणून ते भाताकडे वळले.

पदवीच्या आधीच्या हिवाळ्यात मी आप्पांना पत्र लिहायचं ठरवलं. बर्फ इतका होता की बस बंद होत्या. आधी दादाला फोन केला. वाटलं होतं तो चिडेल.

"कशाला यार," तो म्हणाला. "नऊ वर्षं झाली."

"आप्पांना अजून वाटतं की त्यांच्या हातानं झालं."

"मग आता त्यांना वाटेल की आपण दोघांनी त्यांना फसवलं. इज दॅट बेटर?" मग तोच म्हणाला, "लिही. तुला बरं वाटणार असेल तर लिही."

मी लिहिलं. मला वाटत होतं की पत्र वाचून आप्पांच्या छातीवरचा दगड उतरेल. आईनं फोनवर सांगितलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि कामाला गेले. दादाला त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. नुसतं त्याच्याशी बोलणं, जे आधीच थोडं होतं, ते थांबलं. दादानं वसंत ऋतूत वेगळी खोली घेतली. माझ्या पदवीदानाला आप्पा आले, नवा कोट घालून बसले, माझ्या प्राध्यापकांचा हात हातात घेऊन हलवला. प्राध्यापक त्यांच्याकडे बघून बरंच काही बोलले. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पुढे ते एकोणीस वर्षं जगले. त्या एकोणीस वर्षांत इंग्रजीचा एकही कागद त्यांनी मला वाचायला दिला नाही. बँकेचं पत्र शेजारच्या मुलीकडे जायचं. शेवटच्या आजारात हॉस्पिटलनं दुभाषा दिला, टेलिफोनवरचा, कुठल्या तरी लांबच्या शहरातला अनोळखी माणूस. मी त्याच खोलीत खुर्चीवर बसलेलो असायचो.

ते गेल्यावर आईनं पत्र मला परत दिलं. ते असं आहे.

तीर्थरूप आप्पांना,

दत्ताचा शिरसाष्टांग नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. इथं थंडी फार आहे, पण तुम्ही घेऊन दिलेला कोट पुरतो. परीक्षा मे महिन्यात संपेल.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. दादाच्या गुडघ्याला सूज आली तेव्हा आपण डॉक्टरांकडे गेलो होतो. मी तुम्हाला सांगितलं की नस दुखावली आहे आणि सूज उतरली की खेळता येईल. डॉक्टर असं म्हणाले नव्हते. दादानं मला तसं सांगायला लावलं, पण सांगितलं मी. दादाला दोष देऊ नका. त्याच्याकडे तेवढं एकच होतं.

मामा हॉस्पिटलमध्ये तुम्हाला बोलले तेव्हा मी तिथं उभा होतो आणि गप्प राहिलो. तुमच्या हातानं काही झालं नाही असं मला लिहायचं होतं. पण मी इथल्या पुस्तकांत वाचलं, मला खात्रीनं कळत नाही, आणि आता तुम्हाला खात्री नसलेलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. एवढं खरं आहे की तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही त्याच्या पायाला हात लावला नसता आणि फॉर्मवर सही केली नसती.

डॉक्टर काय म्हणाले ते मला अजून सगळं पाठ आहे. तेव्हा सांगायला हवं होतं तसं आता सांगतो. ते म्हणाले, तुमच्या मुलाच्या गुडघ्यातला बंध फाटला आहे. एका दोऱ्यावर धरून आहे. त्याला चालू देऊ नका, कुबड्या द्या. गुडघा कुणालाही ओढू देऊ नका. महिन्याच्या आत सर्जनला दाखवा. या वर्षी तो खेळणार नाही, पुढच्या वर्षी कदाचित. तो तरुण आहे, नीट काळजी घेतली तर बरा होईल. हे वडिलांना समजावून सांग, ते काळजी करतायत असं दिसतंय.

आणि चिठ्ठी माझ्या हातात देताना त्यांनी तुमच्याकडे बघून मला विचारलं, तुझ्या वडिलांना मला काही विचारायचं आहे का? मी तुम्हाला न विचारताच नाही म्हणालो.

आप्पा, तुम्हाला काय विचारायचं होतं?

तुमचा,
दत्ता